वाटी कोण सरकवते?

उन्हाळ्याची सुटी लागली की पुण्या-मुंबईची नातवंडे बारामती-इंदापूरच्या घरांत येतात. आमरसाचे जेवण झाले की मोठी माणसे लवंडतात आणि माडीवरच्या खोलीत मुलांचे उद्योग सुरू होतात. पत्ते, कॅरम, सापशिडी हे जुने उद्योग. अलीकडे त्यांत प्लँचेटची पुन्हा भर पडलेली दिसते. ‘पुन्हा’ असे म्हणण्याचे कारण, आमच्या पिढीला हा प्रकार अपरिचित नाही. पन्नास वर्षांपूर्वी पुण्यातील वाणिज्य महाविद्यालयांच्या वसतिगृहांत परीक्षेच्या आधी थोर पुरुषांचे आत्मे नित्यनेमाने बोलावले जात आणि ते कॉस्टिंगच्या प्रश्नपत्रिकेत काय येणार हे सांगत. त्यांनी सांगितलेले प्रश्न कधी आल्याचे मला आठवत नाही.

मुलांचा खेळ म्हणून हा विषय सोडून देता आला असता. परंतु गेल्या दोन-तीन वर्षांत बारामती, निमगाव केतकी आणि इंदापूर येथील ज्या घरांतून ही गोष्ट माझ्या कानावर आली, त्या घरांत वाटीवर बोट ठेवणारी मंडळी चाळिशी-पन्नाशीची होती. कोणाचे वडील गेले होते, कोणाचा तरुण मुलगा अपघातात गेला होता. तेथे थट्टेला जागा नव्हती. म्हणून या विषयाचा थोडा सविस्तर विचार करावा असे वाटले.

साहित्य साधे असते. गुळगुळीत पाटावर किंवा कॅरमच्या फळीवर मोठा कागद पसरतात. त्यावर गोलाकार इंग्रजी मुळाक्षरे, खाली शून्यापासून नऊपर्यंत आकडे, एका बाजूस ‘येस’ आणि दुसऱ्या बाजूस ‘नो’ लिहितात. मधोमध उपडी वाटी किंवा एखादे नाणे. दिवे मालवून मेणबत्ती लावली जाते. तिघे-चौघे तर्जनी वाटीवर अलगद टेकवतात आणि कोणी आले आहे का, असे विचारले जाते. काही वेळ काहीच घडत नाही. मग वाटी सरकू लागते.

ती खरोखरच सरकते. हे आधी मान्य केले पाहिजे. ‘कोणीतरी मुद्दाम ढकलत असेल’ असे म्हणून हसणारा माणूस त्या घरातील कोणाचेही समाधान करू शकत नाही, कारण बसलेल्या प्रत्येकाला आपण ढकलले नाही हे पक्के ठाऊक असते, आणि बहुधा ते प्रामाणिकपणे खरे असते. प्रश्न एवढाच की मग वाटी सरकवते कोण?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी या प्रथेचा उगम थोडक्यात पाहू. पुष्कळांना ती आपली प्राचीन विद्या वाटते. वस्तुतः ती अमेरिकेतून युरोपात आणि तेथून आपल्याकडे आली. १८४८ साली न्यूयॉर्क राज्यातील हाइड्सव्हिल या खेड्यात फॉक्स नावाच्या घरातील मुलींना ‘आत्म्याचे’ टकटक आवाज ऐकू येऊ लागले आणि पाच-सात वर्षांत अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना टेबलाभोवती बसून मृतांशी बोलण्याची लाट उसळली. फ्रान्समध्ये त्यासाठी चाके आणि पेन्सिल लावलेली छोटी फळी निघाली. ‘प्लँचेट’ या फ्रेंच शब्दाचा अर्थच लहान फळी असा आहे. १८८८ मध्ये या बहिणींपैकी मार्गारेट हिने न्यूयॉर्कमध्ये भर सभेत सांगितले की, ते आवाज आम्ही पायाच्या बोटांच्या सांध्यांनी काढत होतो. पुढच्याच वर्षी तिने हा कबुलीजबाब मागे घेतला. तोवर व्यवसाय मोठा झाला होता. अक्षरे छापलेल्या ‘विजा’ फळीचे अमेरिकन पेटंट १८९१ चे आहे, आणि ती बाजारात खेळणे म्हणून विकली जात होती, ही गोष्ट आपण व्यापारी मंडळींनी विशेष लक्षात घ्यावी.

शहाणी माणसे याला भुलली नाहीत असे नाही. ऑलिव्हर लॉज हे नामांकित भौतिकशास्त्रज्ञ. त्यांचा मुलगा रेमंड १९१५ मध्ये महायुद्धात मारला गेला आणि माध्यमांच्या द्वारे त्याच्याशी झालेल्या कथित संभाषणांवर त्यांनी पुढच्याच वर्षी ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्याकडे रवींद्रनाथ टागोरांनी १९२९ मध्ये एका तरुण महिला माध्यमाच्या साहाय्याने दिवंगत आप्तांशी बोलण्याचे प्रयोग केले होते. मुंबईत व्ही. डी. ऋषी या गृहस्थांनी पत्नीच्या निधनानंतर परलोकविद्येचा ध्यास घेतला, त्यासाठी संस्था चालवली आणि गेल्या शतकाच्या पूर्वार्धात या विषयाचा मोठा प्रसार केला. या सर्वांत एक समान सूत्र दिसते. अक्कल कमी होती म्हणून कोणी या वाटेला गेले नाही. जवळचे माणूस गेले म्हणून गेले.

आता वाटीकडे वळू. १८५३ साली, म्हणजे ही लाट इंग्लंडमध्ये ऐन भरात असताना, मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. ज्यांच्या हाताखाली टेबल फिरते अशी प्रामाणिक माणसे त्याने निवडली. टेबल आणि त्यांचे हात यांच्यामध्ये त्याने पुठ्ठ्याच्या चकत्यांची चळत ठेवली. चकत्या एकमेकींना मऊसर डिंकासारख्या लुकणाने अशा चिकटवल्या होत्या की जोर लागला तर त्या थोड्या सरकाव्यात. विचार असा : टेबल आपणहून फिरत असेल तर सर्वांत खालची चकती आधी सरकेल आणि हात मागे राहतील. हात ढकलत असतील तर वरची चकती आधी सरकेल. प्रयोगानंतर चळत पाहिली तेव्हा वरच्या चकत्या पुढे गेलेल्या होत्या.

फॅरडे येथे थांबला नाही. त्याने एक हलका दर्शक काटा जोडला. हाताचा नकळत दाब पडला की काटा कलायचा आणि तो बसणाऱ्यांना समोर दिसायचा. काटा झाकलेला असेपर्यंत सर्व पूर्ववत चालले. काटा उघडा केल्यावर, आपल्याच हाताचा दाब डोळ्यांना दिसू लागताच, टेबल फिरायचे थांबले. कोणालाही खोटारडे न ठरवता लागलेला हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. त्याच सुमारास, १८५२ मध्ये, विल्यम कार्पेंटर या वैद्यकाने अशा हालचालींना नाव दिले होते : ‘आयडिओमोटर’, म्हणजे नुसत्या कल्पनेने, इच्छा नसताना, स्नायूंकडून होणारी सूक्ष्म हालचाल. आपण गाडीत शेजारच्या आसनावर बसलेलो असताना समोर म्हैस आडवी आली की आपला पाय आपोआप ब्रेक दाबतो, तो याच जातीचा. वाटीवर चार माणसांची चार बोटे असतात. प्रत्येकाचा दाब तोळा-मासा. पण वाटी हलकी, कागद गुळगुळीत, आणि पुढचे अक्षर कोणते यावे याचा अंदाज सर्वांच्या मनात एकच.

म्हणूनच बसणाऱ्या सर्वांचे डोळे घट्ट बांधले आणि त्यांना न सांगता कागद फिरवून ठेवला की निरर्थक अक्षरे येऊ लागतात. आत्म्याला कागद दिसत असेल तर आपल्या डोळ्यांवरील पट्टीने त्याचे काय बिघडावे? आणि भाषेचे काय? एका घरात आलेले आजोबा मराठी चौथीपर्यंत शिकलेले. आयुष्यभर त्यांनी कीर्द-खतावणी लिहिली ती आधी मोडीत आणि नंतर बाळबोधीत. परलोकी गेल्यावर ते इंग्रजी स्पेलिंगने बोलू लागले, आणि स्पेलिंगच्या चुकाही नेमक्या नातवाच्याच करत होते.

बँकेत नोकरी केलेल्या माणसाला येथे नमुना सहीची आठवण होते. धनादेशावरील नाव बरोबर असले, रक्कम बरोबर असली, आणणारा माणूस ओळखीचा असला तरी सही नमुन्याशी पडताळल्याखेरीज पैसे देता येत नाहीत. प्लँचेटमध्ये कोणी कधी पडताळणी करतो का? ‘मी तुझा बाप’ असे अक्षर जुळले की खाते उघडले. प्रसिद्ध जादूगार हुडिनी याने जिवंतपणीच पत्नीशी एक सांकेतिक संदेश ठरवून ठेवला होता. मृत्यूनंतर बोलता आले तर तोच सांगायचा. १९२६ मध्ये तो वारला. मध्यंतरी एका माध्यमाने तो संकेत मिळाल्याचा दावा केला आणि त्यावरून बराच वादही झाला. पत्नीने मात्र दहा वर्षे वाट पाहून १९३६ मध्ये शेवटची बैठक घेतली आणि हा नाद सोडून दिला. नमुना सही जुळली नव्हती.

इथवरचा भाग बुद्धीचा झाला. धोका कोठे आहे तो आता सांगतो. त्यासाठी माझ्या नोकरीच्या काळातील एक हकिगत सांगणे भाग आहे. ग्राहकाची गोपनीयता हा बँकेचा धर्म असल्याने गाव सांगत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

इंदापूर तालुक्यातील एका बाजारपेठेच्या गावी भुसार मालाची जुनी पेढी होती. शेठजी साठीच्या आतले. एके दिवशी सकाळी दुकान उघडण्यापूर्वीच हृदयविकाराने गेले. धाकट्या भावासह एकत्र कुटुंब. मागे पत्नी, दोन मुलगे, सुना, आणि तीस वर्षांचे जुने मुनीम. व्यवहार मोठा, पण निम्मा शेठजींच्या डोक्यात. कोणाला हातउसने दिले, कोणत्या बँकेत मुदत ठेवी आहेत, लॉकरची दुसरी किल्ली कोठे, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. आपल्या समाजात ही परिस्थिती किती घरांत आहे याचा ज्याने त्याने विचार करावा.

उठावणे झाले, पाहुणे गेले. पंधरा-वीस दिवसांनी कोणा नातेवाइकाच्या सांगण्यावरून रात्री वाटी मांडली गेली. पहिल्या रात्री शेठजी ‘आले’ आणि आपण सुखात असल्याचे त्यांनी सांगितले. शेठाणी कित्येक दिवसांनी त्या रात्री झोपल्या. येथेच गोष्ट थांबली असती तर कदाचित मी हा लेख लिहिला नसता. पण आलेल्या माणसाला व्यवहाराचे न विचारता कोणता व्यापारी राहील? दुसऱ्या रात्री ठेवींविषयी विचारले. वाटीने पाच आकडे दाखवले. तिसऱ्या दिवशी थोरले चिरंजीव शाखेत माझ्यासमोर येऊन बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “साहेब, पप्पांच्या पावतीचा नंबर मिळालाय.”

त्या क्रमांकाची पावती आमच्याकडे नव्हती. मात्र आकडे पाहिलेले वाटत होते. जुने खाते उघडण्याचे अर्ज काढले तेव्हा उलगडा झाला. मोबाइल येण्यापूर्वी पेढीवर जो दूरध्वनी होता त्याचा तो क्रमांक. चिरंजीवांनी लहानपणी तो हजार वेळा फिरवला असेल. ते विसरले होते. बोट विसरले नव्हते.

मी हे त्यांना दाखवले. ते म्हणाले, “म्हणजे पप्पाच होते ना साहेब! दुसऱ्या कोणाला हा नंबर माहीत?” माझ्या दृष्टीने जो पुरावा एका बाजूचा होता तो त्यांना दुसऱ्या बाजूचा वाटला. दुःखात असलेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो, एवढे मला त्या दिवशी कळले.

पुढे प्रकरण बिघडले. पैसे कोठे गेले, असा प्रश्न वाटीला विचारण्यात आला. घरात कोणाच्या मनात कोणाविषयी काय होते ते तेथे बाहेर पडले. एका रात्री मुनीमजींच्या नावाची अक्षरे जुळली. काही दिवसांनी धाकट्या काकांच्या नावाची. तोंडाने जो आरोप करण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती, तो मृताच्या नावाने केला गेला, आणि मृताची उलटतपासणी कोण करणार? मुनीमजींना कोणी काही बोलले नाही, पण तिजोरीच्या किल्ल्या त्यांच्याकडून मागून घेतल्या. ते समजले. दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. काका-पुतण्यांचे बोलणे बंद झाले.

ठेवींचा शोध लागला तो अगदी कोरड्या मार्गाने. आयकर विवरणपत्र भरण्याची वेळ आली तेव्हा सनदी लेखापालांनी शेठजींच्या पॅन क्रमांकावर ‘फॉर्म २६ एएस’ काढले. त्यात ज्या ज्या बँकेने व्याजावर टीडीएस कापला होता तिचे नाव आणि रक्कम हजर होती. बारामतीच्या दोन आणि पुण्याच्या एका शाखेत ठेवी निघाल्या. हातउशाच्या रकमाही नंतर एका छोट्या वहीत सापडल्या. ती वही जुन्या वर्षाच्या चोपडीच्या पुठ्ठ्यात खोचलेली होती. एक पैसाही कमी नव्हता. काकांशी पुढे समेट झाला असे ऐकले, पण पेढी वेगळी झाली ती झालीच. मुनीमजींना आणायला थोरले चिरंजीव स्वतः गेले. त्यांनी चहा दिला, विचारपूस केली, आणि येत नाही म्हणून सांगितले.

ही तुलनेने सौम्य हकिगत होय. दिल्लीतील बुराडी येथे ३० जून २०१८ च्या रात्री एका कुटुंबातील ११ जणांचा एकाच वेळी अंत झाला, ते वृत्त वाचकांना आठवत असेल. तेही आपल्यासारखेच व्यापारी कुटुंब. किराणा आणि प्लायवूडची दुकाने, शेजाऱ्यांत चांगले नाव. तेथे प्लँचेट नव्हते. परंतु २००७ मध्ये निवर्तलेले वडील आपल्या मुखातून बोलतात, असे धाकट्या मुलाला वाटू लागले आणि घरातील सर्वांनी ते मानले. पोलिसांना ११ वह्या सापडल्या. घरात कसे वागावे, काय करावे, कोणी चुकले, इथपर्यंतच्या सूचना त्यांत वडिलांच्या नावाने लिहिलेल्या होत्या. वर्षानुवर्षे हे चालले आणि भिंतीपलीकडच्या घराला पत्ता नव्हता. त्या रात्री आपण मरणार आहोत असे त्यांना वाटत नव्हते. वडील येऊन वाचवतील असा विश्वास होता, असा निष्कर्ष तपासातून निघाला. मला या प्रकरणात सर्वांत भयंकर वाटते ते हे की, सुरुवातीला त्या सूचना चांगल्या होत्या. मन लावून काम करा, भांडू नका, वेळेवर उठा. चांगल्या सल्ल्याने विश्वास बसतो, आणि एकदा बसलेला विश्वास पुढील सल्ला तपासत नाही.

अशा घरात ‘जाणकार’ शिरला म्हणजे तिसराच धोका. वाटीने भलतेच काही सांगितले, मुलगी घाबरली, झोपेत ओरडू लागली, की कोणीतरी उतारा करणाऱ्याचे नाव सुचवतो. मुलीला वास्तविक झोपेची आणि फार तर डॉक्टरांची गरज असते. तिच्याऐवजी पाकिटे जातात. मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे जून २०२२ मध्ये एकाच कुटुंबातील नऊ जण मृतावस्थेत आढळले. आरंभी कर्जापायी सामूहिक आत्महत्या समजली गेली. पोलिसांच्या तपासानुसार गुप्तधन काढून देतो म्हणणाऱ्यांनी त्यांना विष दिले होते. मोठ्या रकमा आधीच दिल्या गेल्या होत्या.

या संदर्भात कायदा काय म्हणतो? डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच राज्य शासनाने वटहुकूम काढला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात संमत झाला. सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी त्यात तरतूद आहे. घरच्या चौघांनी वाटीवर बोट ठेवणे हा माझ्या वाचनाप्रमाणे त्या कायद्याने गुन्हा होत नाही. परंतु भूत-पिशाचांना आवाहन करून घबराट निर्माण करणे, अंगात अतींद्रिय शक्ती आल्याचे भासवून भीती घालणे आणि सल्ला न मानल्यास वाईट परिणामांची धमकी देणे, उपचारापासून रोखणे, हे सर्व त्याच्या अनुसूचीत येते. विलक्षण योगायोग असा की, स्वतः डॉ. दाभोलकरांच्या खुनाच्या तपासात पुणे पोलिसांनी प्लँचेटचा आधार घेतल्याचा आरोप २०१४ मध्ये एका इंग्रजी साप्ताहिकाने केला होता. तत्कालीन पोलीस आयुक्तांनी त्याचा साफ इन्कार केला. तोपर्यंत तपास सीबीआयकडे गेला होता, आणि १० मे २०२४ रोजी न्यायालयाने दोघांना जन्मठेप सुनावली. न्यायालयात साक्षीदार लागतात, आणि त्यांना उलटतपासणीला उभे राहावे लागते.

आता आपल्या घरचा प्रश्न. काही मंडळी म्हणतात, “शास्त्रात व्यंतर देव सांगितले आहेत, मग तुम्ही नाकारता कसे?” तत्त्वार्थसूत्राच्या चौथ्या अध्यायात किन्नर, किंपुरुष, महोरग, गंधर्व, यक्ष, राक्षस, भूत आणि पिशाच असे व्यंतरांचे आठ भेद दिले आहेत, हे खरे. परंतु त्याच ग्रंथाचा दुसरा अध्यायही वाचावा. देह सुटल्यावर जीव नव्या जन्मस्थानी पोहोचतो तो चार समयांच्या आत, आणि समय हा काळाचा अविभाज्य असा सूक्ष्मतम अंश. डोळ्याचे पाते लवायला असंख्य समय लागतात. म्हणजे उठावण्याला माणसे जमण्याच्या कितीतरी आधी, किंबहुना डॉक्टर नाडी सोडण्याच्या आधीच, आपले आजोबा दुसऱ्या गतीत, दुसऱ्या कोणाचे तरी होऊन गेलेले असतात. मधल्यामध्ये घुटमळणारा, निरोप द्यायला थांबलेला आत्मा आपल्या तत्त्वज्ञानात कोठेच बसत नाही. म्हणून तर आपल्याकडे पिंडदान नाही, श्राद्ध नाही.

मला कधीकधी वाटते, नेमके यामुळेच आपल्या घरांत ही ओढ अधिक लागत असावी. इतर समाजांत तेरावा आहे, वर्षश्राद्ध आहे. कावळ्याने घास शिवला की मन हलके होते. आपण मात्र उठावणे करून दुसऱ्या दिवशी गादीवर बसतो. दुःखाला वाट कोठे द्यायची? शास्त्राने या अवस्थेलाही नाव दिले आहे : इष्टवियोगज आर्तध्यान. आवडते माणूस गेल्यावर ते पुन्हा मिळावे म्हणून सतत चिंतन करीत राहणे. ते माणसाला होतेच. पण रोज रात्री मेणबत्ती लावून ते जोपासण्याची तजवीज करणे ही वेगळी गोष्ट. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात लोकमूढता, देवमूढता आणि पाखंडमूढता अशा तीन मूढता सांगितल्या आहेत. वाटीला हात जोडून व्यापारात बरकत मागणे यांतील कोणत्या मूढतेत बसते, ते वाचकांनी ठरवावे. मला ते तिन्हींत बसते असे वाटते.

ज्या घरात हा प्रकार चालू आहे तेथे काय करावे? ओरडू नये आणि हसूही नये. मुले असतील तर दिवा लावून त्यांच्याबरोबर बसावे, फॅरडेची गोष्ट सांगावी, डोळे बांधून कागद फिरवून दाखवावा. मुलांना तो खेळ मूळ खेळापेक्षा अधिक आवडतो असा माझा अनुभव आहे. शोकाकुल व्यक्ती असेल तर तिला प्रयोग दाखवू नयेत. तिच्याशी गेलेल्या माणसाविषयी बोलावे, कारण महिन्याभराने सर्वजण ते टाळू लागतात. झोप लागत नसेल, आवाज ऐकू येत असतील, जेवण सुटले असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे नेण्यात कमीपणा नाही. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य असून मराठीत बोलता येते.

आणि ज्या प्रश्नांसाठी आपण मृतांना उठवतो ते जिवंतपणीच सोडवून ठेवावेत. प्रत्येक ठेवीला, खात्याला, लॉकरला नामनिर्देशन करावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यासाठी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते आणि ठेवींच्या बाबतीत कोणास किती टक्के हेही लिहिता येते. घरातील कोणी गेल्यावर ठेवींचा पत्ता लागत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ या संकेतस्थळावर नाव घालून शोधावे. दहा वर्षे दावा न झालेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होतात, तरीही वारसांना त्या मागता येतात. शेअर आणि लाभांशाचे सात वर्षांनंतर असेच होते, तेथे आयईपीएफकडे अर्ज करावा लागतो. हातउसने दिलेल्या रकमांची एक वही ठेवावी, आणि ती कोठे आहे हे घरातील किमान दोघांना सांगून ठेवावे. त्या दोघांत एक सून असावी. माझ्या अनुभवात कागद शेवटी त्याच शोधून काढतात.

गेल्या पर्युषणाच्या सुमारास बारामतीच्या एका भगिनींचा मला दूरध्वनी आला. त्यांच्याकडे मुलांनी वर्षभर हा खेळ खेळला होता, आता बंद केला होता. कागद जाळला, पण वाटीचे काय करावे हे त्यांना कळेना. कोणी म्हणाले कऱ्हेत सोडा, कोणी म्हणाले चौकात ठेवा. मी विचारले, वाटी कशाची आहे? स्टीलची, म्हणाल्या, सहाच्या संचातली. मी म्हटले, घासून मांडणीवर ठेवा, नाहीतर संच मोडेल.